दत्ता, पासवर्ड तरी सांगून जायचं होतंस

अजून तुझा दहावा व्हायचाय, दत्ता, आणि मी तुझ्याशी भांडायला बसलेय. लोक म्हणतील, ही बाई येडी झाली. म्हणू दे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, ते सेंटरमध्ये सगळ्यांनी बोलून घेतलंय. शांत होता, कष्टाळू होता, कधी कुणाला उलटून बोलला नाही. शांत! माझ्याशी भांडल्याशिवाय तुला डबा गोड लागत नव्हता. मी तुला रोज 'मुडद्या' म्हणून हाक मारायचे, आमच्याकडं बायका धाकट्या भावाला मारतात तशी. आता तो शब्द तोंडातून निघत नाही. जीभच वळत नाही बघ.

तू गेलास तो गेलास, पण मागं काय झालं ते तुला कळायला पाहिजे. इतकी वर्षं एका खोलीत काढली आपण. मी रक्ताच्या पिशव्या तपासायचे, तू कोपऱ्यात कॉम्प्युटर सांभाळायचास. ज्या लेकरांना जन्मभर दुसऱ्याचं रक्त घेऊन जगायचंय, त्यांचं हे सेंटर. कुणाला कुठलं रक्त चालतं, कुणाला नाही, सगळं तुझ्या त्या सर्व्हरमध्ये. जुने कागद उंदरांनी खाल्ले तेव्हापासून तू कागदावर विश्वास ठेवला नाहीस. मलाही ठेवू दिला नाहीस.

तुझी शोकसभा घेतली त्या दिवशी तुझा फोटो कुठं ठेवायचा यावरून चर्चा झाली. टेबल डगमगतं, खिडकीत ऊन येतं. आपले शिपाई, शेषरावकाका, म्हणाले, "दिसभर ह्या पेटीपाशीच बसायचं की लेकरू. हितंच ठिवा." सगळ्यांना पटलं. सर्व्हरवर फोटो ठेवला. काकांनी स्वतः गुलमंडीवर जाऊन झेंडूचा हार आणला, भलामोठा, हारवाल्यानं पाणी मारून दिलेला. फोटो लहान, हार मोठा, तो पेटीच्या जाळीवर पसरला. आम्ही सगळे मान खाली घालून उभे. थेंब थेंब पाणी आत जात होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरबाईंनी बोलायला तोंड उघडलं, तोच आतून चट्ट आवाज आला. जळका वास सुटला आणि पेटीचा दिवा गेला.

मी एकदा त्या पेटीवर चहाचा कप ठेवला होता तर तू दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतास. आणि आम्ही तुझ्याच नावानं तिच्यावर पाणी सोडलं.

पेटी शहागंजात नेली, तुझ्या नेहमीच्या दुकानदाराकडं. त्यांनी उघडली, आत बघितलं, पुन्हा झाकण लावलं. "दत्ताभाई का सर्वर है ना ये?" म्हणाले. मी मान हलवली. "कुछ नहीं बचा ताई. जलके खाक." पैसे घेतले नाहीत. मी पायरीवर बसून रडले, भर बाजारात, गाड्यांच्या हॉर्नमध्ये. शेषरावकाका तेव्हापासून धड जेवत नाहीत. मी त्यांना रागवायला गेले होते, पण त्यांचं तोंड बघून परत फिरले.

मी मनाची समजूत घातली. चितेगाव आहे ना. माझ्या दत्त्यानं चितेगावला सगळं ठेवलंय.

नोंदींची दुसरी प्रत ठेवायचा तो डबा बसवला तो दिवस आठवतो का रे? ट्रस्टीसाहेबांची फॅक्टरी पैठण रोडला, तिथल्या एका कपाटात जागा मागून घेतलीस. "ताई, इथं आग लागू दे, पाणी शिरू दे, लेकरांच्या नोंदी दुसऱ्या गावात सुखरूप पाहिजेत." मी म्हणाले, "शुभ बोल नाऱ्या." रोज काम संपलं की सर्व्हरवरचं अख्खं फोल्डर आपोआप चितेगावच्या डब्यात उतरणार, असं तू मला तीनतीनदा समजावलंस. वायर आणायला आपण शहागंजात गेलो. तू "चचा, कुछ तो कम करो" सुरू केलंस आणि मला हसू आवरेना, कारण तुझं हिंदी ऐकून चाचाच मराठीत बोलायला लागले. त्यांनी चहा पाजला, भाव मात्र कमी केला नाही. मग पहिल्यांदा फोल्डर पाठवायची वेळ आली तेव्हा बटण तू मला दाबायला लावलंस. "तुझ्या हातानं होऊ दे." हिरवी रेघ सरकत सरकत शेवटाला टेकली, तशी तू अशी शिट्टी मारलीस की वॉर्डातली दोन लेकरं दचकून रडायला लागली. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, ते मी तुला कधी बोलले नाही. म्हणाले ते एवढंच, की आता लेकरं तूच गप कर.

पण त्याच दिवशी भांडणही लागलं. डब्याला लॉगिन करायचं होतं. नाव आणि पासवर्ड. तू फटकन तुझंच नाव टाकलंस आणि पासवर्ड टाकताना मला म्हणालास, "तिकडं तोंड कर."

"का रे? मी चोर आहे?"

"चोर नाही गं. पण तुझा पासवर्ड कुठं असतो सांगू? मॉनिटरला चिकटवलेला."

खरं होतं. पण म्हणून काय झालं? मी म्हणाले, माणसाच्या नावावर नको ठेवू. सेंटरच्या नावानं कर आणि दोघांजवळ राहू दे. आमच्या आबांची मेंढरं वाड्यात शिरताना आबा मोजायचे आणि मागून आई मोजायची. एकट्याच्या मोजणीवर कुणी झोपत नाही आमच्यात. माणूस सुट्टीवर जातो, आजारी पडतो. पुढचा शब्द मी गिळला. तू दात काढलेस. "मोज मोज, ताई. एखादं कोकरू बाहेर राहिलं असंल." आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणालास, "दोघांना माहीत झालं की गावाला माहीत झालं. लेकरांच्या आजाराच्या गोष्टी आहेत त्या. उद्या एखाद्या पोरीचं लग्न मोडंल आपल्यापायी." तुझंही बरोबर होतं, माझंही बरोबर होतं, म्हणून तर ते भांडण कधी मिटलं नाही.

शेवटच्या दिवशीसुद्धा तेच. तू हेल्मेट घालता घालता म्हणालास, "सोमवारी तुझ्या नावाचं वेगळं लॉगिन करून देतो. झालं समाधान?" मी म्हणाले, "तुझा सोमवार कधी उजाडतो ते ठाऊक आहे मला. नको देऊस. वर जाताना सोबत घेऊन जा." तू हसलास आणि गेलास. घेऊनच गेलास की रे! आयुष्यात माझी एक गोष्ट ऐकली नाहीस. चहा कमी कर म्हणाले, ऐकलं नाहीस. छातीत दुखतंय तर दाखवून ये म्हणाले, ऐकलं नाहीस. नेमकी हीच ऐकायची होती?

आणि मग आरोही आली.

फर्दापूरची आरोही. तुझ्या खुर्चीत बसून सगळ्यांना हुकूम सोडायची म्हणून तू तिला कलेक्टरीणबाई म्हणायचास. मधे तिचे आईबाप कामाला पुण्याकडं गेले होते, आता परत आलेत. बाप लेण्यांच्या रस्त्यावर हॉटेलात लागलाय. आईनं तिला कडेवर घेऊन जिना चढवला, एवढी मोठी पोर. ओठ पांढरेफटक. नाकपुड्या उडत होत्या.

आता ऐक. तिच्या नावापुढं आपल्या कॉम्प्युटरवर लाल खूण होती. लहानपणी कधीतरी दुसऱ्याच्या रक्तातली एक गोष्ट तिच्या अंगानं वैरी मानली. ती गोष्ट ज्या पिशवीत असेल ती पिशवी तिला चालत नाही, नुसता रक्तगट जुळून भागत नाही. कुठली गोष्ट, ते तेव्हाच्या तपासणीत निघालं होतं. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी. ज्या लॅबनं तपासलं ती लॅब आता राहिली नाही. त्यानंतर तिची वेळ आली की कॉम्प्युटरच सांगायचा, ही पिशवी घ्या, ही नको. मी डोळे झाकून त्याच्यावर भरवसा ठेवला, कारण तो तू भरलेला होता.

मी तिचं रक्त तपासलं. काहीच दिसेना. पुन्हा तपासलं. दिसेना. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. मला घाम फुटला. हे असंच असतं, वर्षं गेली की ते तपासणीत दिसेनासं होतं, अंगात दबा धरून बसतं, आणि चुकीची पिशवी लागली की उठतं. तिची आई म्हणाली, "पुण्याकडं एकबार रक्त लावलं तर लई थंडी वाजली वो ताई. लघवी लाल झाली. देवानंच वाचवली." मी विचारलं, कुठली पिशवी चालते ते लिहिलेलं तुमचं कार्ड कुठंय? "ते तिकडं खोलीवरच ऱ्हायलं. पर दत्ताभाऊ म्हणले व्हते, कार्ड हरपलं तरी भिऊ नका, आमच्यापाशी समदं हाय."

काय बोलू मी तिला? तुझी बातमी सांगायची ती वेळ नव्हती. लेकरू मांडीवर धापा टाकत होतं.

डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "सुनंदा, मोठ्या लॅबला पाठवून उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा तिच्याकडं नाही. मी संध्याकाळपर्यंत थांबू शकते. तोवर तिची नोंद मिळाली नाही तर मला अंदाजानं पिशवी लावावी लागेल." अंदाजानं.

म्हणून मी तुझ्या घरी गेले, दत्ता. सुतकाच्या घरात, डॉक्टरबाईंचा लॅपटॉप काखेत मारून, चितेगावच्या डब्याचा पासवर्ड विचारायला. दारात तुझे चुलते बसलेले, त्यांनी माझ्याकडं कसं बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. तुझी बायको, रेखा, भिंतीला टेकून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती पोरगी एका शब्दानं रागावली नाही रे. पदरानं तोंड पुसलं आणि लॅपटॉपसमोर सरकली. लेकीचं नाव टाकलं. चूक. तुमच्या गावच्या देवीचं टाकलं. चूक. गाडीचा नंबर. तोही चूक. मग ती अगदी हळू म्हणाली, "ताई, माझं टाकून बघा ना." मी टाकलं. लगेच लाल अक्षरं आली, फार वेळा चुकलात, आता प्रवेश बंद.

"माझं पण नव्हतं व्हय?" एवढंच बोलली ती.

मी म्हणाले, अगं, घरच्या माणसांची नावं ठेवायची नसतात, त्यानंच आम्हाला शिकवलं होतं. तिनं मान हलवली. पण मला तिथंच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवरा गेलेल्या बाईला मी हेही दाखवून आले. सांग ना रे, काय होता तुझा तो पासवर्ड? कुणासाठी एवढा जपून ठेवला होतास?

तिथून सरळ चितेगाव. शेषरावकाका हट्टानं गाडीत बसले. पैठण रोडवर ट्रक अडकलेले, आणि मी ड्रायव्हरवर ओरडतेय, देवावर ओरडतेय, सगळ्यात जास्त तुझ्यावर. मी निघतानाच फोन केला होता, म्हणून फॅक्टरीत मेंटेनन्स बघणारे पठाणभाई आमची वाटच बघत होते. त्यांनी कपाट उघडलं. डबा चालू होता, निळा दिवा लुकलुकत होता. तू गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

डब्याच्या कंपनीला फोन लावून पठाणभाईंनी आधीच विचारून ठेवलं होतं. "देखो ताई. पीछे बारीक छेद है. उसमें पिन दबाके रखे तो लॉगिन मिट जाता, नया बना लेने का. अंदर का माल वैसाच रहता. मगर दत्ताभाई ने फोल्डर को अंदर से अलग ताला डाला होंगा, तो पिन दबाने के बाद वो कब्भी नहीं खुलने का. बिना दबाए खोलने का रस्ता मेरे पास नहीं. अब तुम बोलो."

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्याला तू ओळखायचीस. तू ठरव."

मी तुला ओळखायचे? कुठला दत्ता ओळखायचे मी? 'तिकडं तोंड कर' म्हणणारा दत्ता दोन काय, चार कुलपं लावून बसला असता. मी त्या कपाटासमोर खाली बसले. डोकं धरलं. आठव, म्हणाले स्वतःला, आठव हा माणूस. आणि मला औषधाच्या कपाटाचा दिवस आठवला. एका पोराला रक्त चढताना त्रास सुरू झाला, इंजेक्शन कपाटात, चावी सिस्टरच्या पर्समध्ये आणि सिस्टर रजेवर. तू खुर्ची उचलून काच फोडलीस. हातातून रक्त गळत होतं तरी ओरडत होतास, "परत हितं कुलूप दिसलं तर मी नोकरी सोडीन!" ते कुलूप तू स्वतः नेऊन नाल्यात टाकलंस. चोरासाठी तू दार लावायचास, दत्ता. लेकरासाठी नाही.

"दाबा," मी म्हणाले.

पठाणभाईंनी बिस्मिल्ला म्हणून पिन आत घातली. शेषरावकाकांनी भिंतीकडं तोंड केलं. निळा दिवा विझला. किती वेळ विझलेलाच होता. मी आबांना, आईला, बिरोबाला, सगळ्यांना हाका मारल्या. मग दिवा लागला आणि पडद्यावर दोन रिकामे चौकोन आले. नाव. पासवर्ड. तुझं नाव तिथं नव्हतं. मी पुसलं ते.

"नाम डालो ताई," पठाणभाई म्हणाले. माझी बोटं चालेनात. इतक्या वर्षांच्या भांडणात मी जिंकले होते, दत्ता. मला पाहिजे होतं तसं सेंटरच्या नावानं लॉगिन करायचं, एक माझ्याकडं, एक डॉक्टरबाईंकडं, माणसाच्या नावावर काही नाही. जळो ते जिंकणं. ये की समोर. "बघ, मी म्हणत नव्हते?" हे मी कुणाला म्हणू? शेवटी काका मागून म्हणाले, "पोरी, तिकडं ते लेकरू..." तेव्हा मी टाकलं नाव.

फोल्डर उघडं होतं. कुलूप नव्हतं. नव्हतं रे! मी पठाणभाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, ते बिचारे संकोचून उभे. आरोहीचं नाव शोधलं, नोंद सापडली. मी फोनवर डॉक्टरबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. तिच्या अंगानं काय वैरी मानलंय, कुठली पिशवी घ्यायची, कुठली चुकूनही नको. आणि वाचण्याच्या भरात त्याखालची तू टाकलेली ओळही वाचून गेले, 'शंका आली तर दत्ताला फोन करा, कधीही.' पलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या, "ये लवकर."

पिशवी लावली तेव्हा मी आरोहीचा हात सोडला नाही. थंडी वाजते का? नाही. पाठ दुखते का? नाही. कसंतरी होतंय का? "ताई, तू लई विचारती," म्हणाली कलेक्टरीण. मला तिचा मुका घ्यावासा वाटला. एक एक थेंब पडत होता आणि मी मनात तुला शिव्या देत होते, तुझे पाय धरत होते, काय करत होते माझं मला कळत नव्हतं. सकाळपर्यंत पोरीच्या गालावर रंग आला. लघवी स्वच्छ. तिनं पोहे मागितले.

आज त्या निघाल्या. एसटी गाठायची म्हणून आई घाईत होती. पिशव्या उचलल्या, पोरीला चप्पल घातली, आणि दारातून परत फिरून माझ्याजवळ आली. "ताई, आल्यापून दत्ताभाऊ दिसले नाय वो. सुट्टीवर हायत जणू. आले की त्यांनला एवढा निरोप द्या. म्हणावं, लेकराला रक्त मानवलं."

सांगायला पाहिजे होतं मी तिला. तोंडही उघडलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू होतं, दत्ता. मी म्हणाले, "देते." ती गेली.

आता तो निरोप घेऊन मी कुठं जाऊ? कुणाला देऊ? म्हणून इथं बसलेय. ऐक रे. फर्दापूरच्या आरोहीच्या आईनं सांगितलंय.

लेकराला रक्त मानवलं.